वाचकांचे प्रश्न : रोमने आपले डोंगरी शेजारी कसे जिंकले?

मागच्या अंकात व्हिया आपिया या जुन्या रोमन रस्त्याबद्दल लिहिले होते. २०२४ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा यादीत घेतला, हे निमित्त होते. लिहिता लिहिता एक वाक्य येऊन गेले, की सॅम्नाइट लोकांशी युद्ध ऐन भरात असताना हा रस्ता फौजांसाठी बांधला गेला. रस्त्याबद्दल आली नाहीत तेवढी पत्रे या एका वाक्याबद्दल आली. मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षे प्राचीन इतिहास शिकवला, पण सॅम्नाइटांबद्दल आपणहून विचारणारे विद्यार्थी क्वचितच भेटले. या वेळची सगळी जागा त्यांनाच देते.

प्रश्न : आमच्या मुलांना रोम म्हटले की हॅनिबल आणि सीझर एवढेच ठाऊक असते. त्याआधी हे एक शहर अख्ख्या इटलीचे धनी झाले कसे? हे सॅम्नाइट कोण? रोमचे सैन्य त्यांच्यापेक्षा फार वरचढ होते का?
(माध्यमिक शिक्षिका, नांदेड)

उत्तर : आधी ते कोण, हे सांगते. इटलीच्या मधोमध आपेनाइन पर्वताचा कणा जातो. त्याच्या दक्षिण भागात, आजच्या मोलिझे प्रांतात आणि कांपानियाच्या आतल्या डोंगरपट्ट्यात, पेंत्री, काराकेनी, कौदिनी आणि हिर्पिनी या चार जमाती राहत. युद्ध आले की एक होत, एरवी आपापल्या. त्यांची भाषा ऑस्कन, लॅटिनच्या नात्यातली पण वेगळी. मोठी शहरे जवळजवळ नव्हतीच. डोंगरमाथ्यावर प्रचंड शिळा एकमेकींत बसवून केलेले कोट होते. शत्रू आला की माणसे आणि गुरे त्यांच्या आत जात. शेती होती, पण जीव मेंढ्यांत. उन्हाळाभर कळप डोंगरात आणि थंडी पडू लागली की खाली आपुलियाच्या मैदानात, आपले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात तसे. चराईची ही वाट लक्षात असू द्या.

रोमचे सैन्य वरचढ होते असे मला वाटत नाही. परंपरेने या झगड्याची तीन युद्धे मोजतात : इ.स.पू. ३४३ ते ३४१, ३२६ ते ३०४ आणि २९८ ते २९०. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ. एवढ्या काळात रोमची फौज ३२१ मध्ये एका खिंडीत शरण गेली, ३१५ मध्ये लाउतुलाए इथे सडकून मार खाऊन परतली. सपाटीवर उपयोगी पडणारी दाट, एकसंध रांग डोंगरात कुचकामी ठरते. लहान लहान तुकड्यांत लढायची पद्धत आणि लांबट ढाल या दोन्ही गोष्टी रोमने सॅम्नाइटांकडूनच उचलल्या, असे सांगणारी एक परंपरा प्राचीन लेखनातच आहे.

मग जिंकले कशाने? लढाई संपल्यावर रोम जे करी, त्याने. हरलेल्याची काही जमीन काढून घ्यायची, तिच्यावर आपली वसाहत बसवायची, तिथवर रस्ता न्यायचा, आणि उरलेल्या लोकांशी असा तह करायचा की पुढच्या युद्धाला त्यांनी माणसे पुरवलीच पाहिजेत. खंडणी नाही, माणसे. रोमच्या साऱ्या चढाईचे मर्म मला या शेवटच्या अटीत दिसते.

वसाहत कशी असे, ते पाहा. इ.स.पू. ३३४ मध्ये कालेस या गावी २,५०० पुरुष पाठवले, बायका-मुलांसह. बहुतेक गरीब. रोममध्ये त्यांना मताचा अधिकार होता; तो सोडून ‘लॅटिन’ हा खालचा दर्जा पत्करायचा आणि त्या बदल्यात मोजून दिलेला जमिनीचा तुकडा घ्यायचा. भोवती तट, तटाबाहेर ती जमीन ज्यांची होती ते लोक. अशा माणसाला पहारा करायला वेगळा पगार द्यावा लागत नाही, स्वतःचे शेत राखायला तो आपोआप जागा राहतो. सहा वर्षांनी लिरिस नदीवर, सॅम्नाइटांच्या उंबरठ्यावर, फ्रेगेल्ले ही वसाहत बसली. दुसरे युद्ध पेटायला जी कारणे झाली त्यांतले हे एक.

आता ती चराईची वाट. इ.स.पू. ३१४ मध्ये रोमने आपुलियातले लुकेरिया घेतले. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की सेनेटमध्ये बराच वाद झाला. शहर जमीनदोस्तच करावे असे अनेकांचे मत होते, कारण इतक्या लांब, इतक्या कडव्या लोकांच्या गराड्यात आपले नागरिक पाठवणे म्हणजे त्यांना हद्दपार करण्यासारखेच. शेवटी २,५०० वसाहतकरी गेले. नकाशा पुढे घेऊन बसा आणि लुकेरियावर बोट ठेवा. मेंढ्या हिवाळ्यात जिथे उतरतात त्या मैदानाच्या तोंडाशीच रोमची चौकी बसली. दोनच वर्षांनी, ३१२ मध्ये, आपियस क्लॉडियसने रोमहून कापुआपर्यंत रस्ता बांधायला घेतला, आजच्या मापाने १९० किलोमीटरच्या पुढे. सॅम्नाइटांच्या दोन्ही बाजूंनी फास आवळत चालला होता.

एक्वी या जमातीचे झाले ते याहून भयंकर. ते सॅम्नाइटांच्या उत्तरेला, रोमच्या अगदी जवळ राहत. नांगर सोडून लढायला गेलेल्या सिन्सिनाटसची गोष्ट मुलांना शिकवता ना, त्या गोष्टीतले शत्रू हेच. इ.स.पू. ३०४ मध्ये रोमने त्यांच्यावर फौज घातली. लिव्हीच्या मते ५० दिवसांत ३१ गावे घेतली, बहुतेक पाडली आणि जाळली, आणि एक्वींचे नाव जवळजवळ पुसले गेले. लगेच त्यांच्या मुलखात आल्बा फुसेन्स इथे ६,००० वसाहतकरी नेऊन बसवले. आजही तिथे तटाच्या शिळा उभ्या आहेत, मागे वेलिनो पर्वत. पर्यटक वाहवा करतात. मी मात्र मुलांना ५० आणि ६,००० हे आकडे एकाखाली एक लिहून द्यायचे. तुम्हीही फळ्यावर तसेच लिहून पाहा.

तिसऱ्या युद्धात सॅम्नाइटांनी गॉल, एट्रुस्कन आणि अंब्रियन या उत्तरेकडच्या लोकांची मोट बांधली. इ.स.पू. २९५ मध्ये सेन्टिनमला निर्णायक लढाई झाली आणि ती आघाडी मोडली. तरी युद्ध आणखी पाच वर्षे चालले. त्या अखेरच्या काळात व्हेनुसिया वसले. तिथे २०,००० वसाहतकरी नेल्याचा आकडा एका प्राचीन लेखकाने दिला आहे, तो अनेकांना फुगवलेला वाटतो, मलाही.

आणि तहाची ती अट? इ.स.पू. २२५ मध्ये गॉलांच्या स्वारीच्या वेळी रोमने आपल्या मित्रांकडची लढाऊ माणसे मोजली. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने ती यादी जपली आहे. तिच्यात सॅम्नाइटांच्या नावापुढे ७०,००० पायदळ आणि ७,००० घोडेस्वार आहेत. ज्यांच्याशी दोन पिढ्या लढले, त्यांच्याच नातवांच्या जोरावर पुढची युद्धे. हॅनिबलला इटलीत लढाया जिंकूनही रोम का जिंकता आले नाही, याचे उत्तर बरेचसे या यादीत आहे.

प्रश्न : कौदिनी खिंडीत रोमन फौज अडकली, तेव्हा सॅम्नाइट सेनापतीच्या वृद्ध वडिलांनी दिलेल्या सल्ल्याची गोष्ट वाचली होती. ती खरी आहे का?
(रत्नागिरी)

उत्तर : शरणागती खरी. सल्ला लिव्हीच्या लेखणीतला असावा, आणि लिव्ही त्या घटनेनंतर जवळजवळ ३०० वर्षांनी लिहीत होता. पण गोष्ट अशी आहे की एकदा वाचली की डोक्यातून जात नाही.

थोडक्यात सांगते. इ.स.पू. ३२१. गायस पाँटियस हा सॅम्नाइट सेनापती. त्याने सैनिकांना मेंढपाळांच्या वेशात कळप घेऊन रोमन छावणीच्या आसपास सोडले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच बातमी दिली, की सॅम्नाइट लुकेरियाला वेढा घालून बसले आहेत. दोन्ही रोमन कॉन्सल, म्हणजे त्या वर्षापुरते निवडलेले सर्वोच्च अधिकारी, घाईघाईने जवळच्या वाटेने निघाले. वाट दोन चिंचोळ्या खिंडींतून जाणारी, मध्ये गवताळ मैदान. पुढची खिंड झाडे आणि दगड टाकून बुजवलेली. मागे फिरले, तर आलेली वाटही बंद.

पाँटियसने वडिलांना, हेरेनियसला, विचारायला माणूस पाठवला. म्हातारा म्हणाला, सगळ्यांना अंगाला हात न लावता सोडून द्या. हे पटले नाही म्हणून पुन्हा विचारले, तर म्हणाला, एकूण एक मारून टाका. मुलाला वाटले, वय झाले, भ्रमिष्ट झाला. गाडीतून त्याला छावणीत आणले. तिथे त्याने उलगडून सांगितले : पहिला मार्ग बलाढ्य लोकांशी कायमची मैत्री जोडेल, दुसरा कैक पिढ्या त्यांना उठू देणार नाही, तिसरा मार्गच नाही. सोडायचे पण अपमान करून, अशा मधल्या वाटेने मित्रही मिळत नाहीत आणि शत्रूही संपत नाहीत.

मुलाने मधलीच वाट धरली. दोन भाले उभे रोवून त्यांच्यावर तिसरा आडवा बांधला, आणि अंगावर एकेक सदरा ठेवून सगळ्या फौजेला, कॉन्सलना सर्वांत आधी, त्याखालून वाकून जायला लावले. ६०० घोडेस्वार ओलीस ठेवून घेतले.

मला याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो सहसा कुणी सांगत नाही. लिव्ही म्हणतो, रोमने तह मानला नाही. तो कॉन्सलांनी परस्पर केला, जनतेने नव्हे, असे म्हणून त्या कॉन्सलांना बांधून सॅम्नाइटांच्या हवाली करायला नेले. हवाली होताच पोस्टुमियस या कॉन्सलने शेजारच्या रोमन दूताला गुडघ्याने जोरात ठोसा मारला आणि ओरडला, मी आता सॅम्नाइट नागरिक, हा रोमचा दूत, सॅम्नाइटाने दूतावर हात टाकला, तेव्हा रोमला युद्धाचा न्याय्य हक्क मिळाला. पाँटियसने या लोकांना ठेवून घ्यायला नकार दिला. लिव्हीने त्याच्या तोंडी घातलेला संताप मला अगदी रास्त वाटतो : तह नको असेल, तर फौज पुन्हा त्या खिंडीत आणून उभी करा.

पुढच्याच वर्षी रोमने पुरता सूड घेतला, असेही लिव्ही लिहितो. बऱ्याच इतिहासकारांना हे पटत नाही. तह काही वर्षे पाळला गेला आणि नाचक्की झाकायला सूड मागाहून रचला, असे ते मानतात. मीही त्यांच्याच बाजूची आहे.

प्रश्न : आपण वाचतो ते सगळे रोमनांनी लिहिलेले. हरलेल्यांच्या हातचे काहीच उरले नाही का?
(एम.ए.ची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : उरले आहे, आणि हे विचारल्याबद्दल तुमचे विशेष आभार. इतिहासग्रंथ उरला नाही, पण दगड, कांसे, नाणी आणि भाजलेली माती यांवर ऑस्कन लेख शेकड्यांनी आहेत. पाँपेईच्या भिंतींवरही आहेत.

मोलिझेमध्ये पिएत्राब्बोन्दान्ते नावाचे गाव आहे, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास उंचावर. तिथे सॅम्नाइटांचे देवस्थान आणि त्याला लागून दगडी नाट्यगृह आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटाचे. मी तिथे गेले तेव्हा पुढच्या रांगेत बसून पाहिले. पहिल्या तीन रांगांच्या दगडी आसनांना पाठ आहे, आणि ती सरळ नाही. माणसाच्या पाठीच्या वळणाप्रमाणे कोरली आहे, कंबरेशी आत, वर मागे झुकलेली. रांगेच्या टोकाला पंखवाल्या सिंहाचा पंजा कोरलेला. रोमन लेखकांनी ज्यांना रानटी डोंगरी म्हटले, त्यांच्या कारागिराने दगडाला पाठ टेकायला शिकवले होते. समोर पाहिले की दऱ्याच दऱ्या दिसतात. त्या वेळी रोम शहरात पक्के दगडी नाट्यगृह एकही नव्हते. पहिले पाँपीने बांधले, इ.स.पू. ५५ मध्ये.

याच देवस्थानाच्या छपराचे एक मोठे कौल सापडले आहे. ते ओले असताना दोघी कामकरी बायकांनी त्यावर पाऊल उमटवले, चपलेसकट, आणि शेजारी लिहिले. एकीने ऑस्कनमध्ये, उजवीकडून डावीकडे : हेरेनियस सात्तियसच्या देत्फ्रीने पावलाने खूण केली. दुसरीने लॅटिनमध्ये : हेरेनियसच्या आमिकाने खूण केली, आम्ही कौले मांडत होतो तेव्हा. बहुतेक दासीच असाव्यात, एकाच मालकाच्या. एकाच कौलावर दोन भाषा, आणि दोघी शेजारीशेजारी काम करत होत्या. जिंकल्यावर दोनशे वर्षांनी त्या डोंगरात काय चालले होते, हे एवढे नेमके सांगणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही. भाषा मेली नव्हती, मात्र लॅटिन येऊन तिच्या शेजारी बसली होती.

रोमनांचा लेखही डोळे उघडे ठेवून वाचावा लागतो, त्याचे एक उदाहरण देते. व्हॅटिकनच्या संग्रहालयात स्किपिओ बार्बाटसची दगडी शवपेटी आहे. तो २९८ चा कॉन्सल. पेटीवर कोरले आहे, की याने सॅम्नियममधली तौरासिया आणि किसौना घेतली, अख्खे लुकानिया नमवले, ओलीस आणले. लिव्ही मात्र त्याला त्याच वर्षी एट्रुस्कनांशी लढताना दाखवतो आणि लुकानियनांनी आपणहून मैत्री मागितली म्हणतो. घराण्याचे दगडही बढाई मारतात आणि इतिहासकारही घोटाळे करतात. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर या दोन मजकुरांतली तफावत घ्या.

प्रश्न : शेवटी सगळ्या इटलीला रोमचे नागरिकत्व मिळालेच ना? मग हा विजय त्या जमातींच्या भल्याचाच झाला, असे म्हणायला काय हरकत आहे?
(निवृत्त सरकारी अधिकारी, नागपूर)

उत्तर : हरकत आहे, आणि तारखांनिशी सांगते.

इ.स.पू. २९० मध्ये युद्ध संपले. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे या लोकांनी स्पेनपासून ग्रीसपर्यंत रोमसाठी रक्त सांडले. मत नाही, रोमच्या कायद्याचे पुरते संरक्षण नाही, जिंकलेल्या जमिनीच्या वाटपात दुय्यम जागा. नागरिकत्व मागितले की सेनेटमध्ये अडत असे. ९१ मध्ये द्रूसस या लोकाधिकाऱ्याने ते देण्याचा प्रस्ताव आणला, तर त्याचा खून झाला. मग जमाती उठल्या. कोर्फिनियम ही त्यांची राजधानी. तिचे नाव त्यांनी इटालिका ठेवले. मार्सी जमातीचा पोप्पाएदियस सिलो आणि सॅम्नाइट पापियस मुतिलस हे दोघे प्रमुख. त्यांनी नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर इटलीचा बैल रोमच्या लांडग्याला शिंगाने चिरडतो आहे आणि लेख ऑस्कनमध्ये आहे. रणात रेटा आला तेव्हा, इ.स.पू. ९० च्या कायद्यापासून, रोमने नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. आधी जे शांत राहिले त्यांना, मग इतरांना. तेव्हा ‘मिळाले’ हा शब्द मला जड जातो. ते लढून घेतले.

सॅम्नाइटांचा शेवट त्यानंतरचा. इ.स.पू. ८२ मध्ये रोमच्या यादवीत ते सुला या रोमन सेनापतीच्या विरुद्ध उभे राहिले आणि शहराच्या कोलाइन वेशीपाशी हरले. प्लूटार्क हा ग्रीक चरित्रकार लिहितो, सुलाने सुमारे ६,००० कैदी एका आवारात कोंडले आणि शेजारच्याच मंदिरात सेनेटपुढे भाषण सुरू केले. भाषण चालू असताना कत्तल झाली, आरडाओरडा आत ऐकू येत होता. सुला म्हणाला, तिकडे लक्ष देऊ नका, काही गुन्हेगारांना समज दिली जात आहे. पुढे काही दशकांनी स्ट्रेबो हा भूगोलकार त्या मुलखाबद्दल लिहितो, की शहरे होती तिथे आता खेडी उरली.

रोमने पुढे जे उभे केले त्याचे मोल मी नाकारत नाही. कायदा, रस्ते, परक्याला नागरिक करून घेण्याची सवय, या गोष्टी जगाच्या उपयोगी पडल्या. पण त्यांची किंमत कुणी मोजली, हे आपण हिशेबात धरलेच पाहिजे, आणि ती मोजणाऱ्यांना विचारून घेतली नव्हती, हेही. लुकेरियाच्या वाटेवरच्या मेंढपाळाला ‘तुझ्या पाचव्या पिढीचे भले होईल’ असे सांगून त्याचे कुरण काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : मी लंडनमध्ये राहते. यांतले काही इथे पाहायला मिळेल का?
(मूळच्या ठाण्याच्या वाचक)

उत्तर : ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आन्योनेची कांस्यपट्टिका आहे. १८४८ मध्ये मोलिझेत सापडली. हातभर लांबीचीही नाही, वर कडी आणि साखळी आहे, म्हणजे टांगून ठेवायची. दोन्ही बाजूंनी खोल कोरलेली ऑस्कन अक्षरे, उजवीकडून डावीकडे. एका पवित्र बागेतल्या देवतांची ती यादी आहे. मध्यवर्ती देवी धान्याची, रोमनांच्या सेरेसशी जुळणारी. जाण्यापूर्वी ती मांडलेली आहे का हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. इटलीला जाणार असाल तर आब्रुझ्झोतल्या किएती शहरी कापेस्त्रानोचा योद्धा पाहा. माणसाहून उंच दगडी पुतळा, इ.स.पू. सहाव्या शतकातला, या युद्धांच्या कितीतरी आधीचा. छातीवर गोल कवच, डोक्यावर रुंद काठाचे विचित्र शिरस्त्राण, हात छातीशी धरलेले. तिथून आल्बा फुसेन्सही फार लांब नाही. एका दिवसात दोन्ही होतील, सकाळी लवकर निघालात तर.